ॲशट्रेला हात लावायचा नाही

मिलिसावचा आयुष्यभर दोनच गोष्टींवर विश्वास होता: एक कुलूप आणि दुसरा तो स्वतः. बाकीच्या जगाबद्दल त्याचं मत असं, की आपली नजर हटली की ते काहीतरी उचलून नेणार. त्यात त्याला फार दोषही देता येत नाही. मोरावा नदीकाठच्या आमच्या गावात शेतकी सोसायटीच्या गोदामावर तो उभी हयात स्टोअरकीपर होता. खताची पोती, दोरखंड, फवारणीची औषधं, ट्रॅक्टरचे पट्टे, सगळं त्याच्या ताब्यात. त्याच्या गोदामातून साधा खिळा सही केल्याशिवाय बाहेर पडला नाही. निवृत्त होताना किल्ल्यांचा जुडगा त्यानं परत केला, स्वभाव मात्र घरी घेऊन आला.

घरी तो वस्तू लपवायचा. करवत चुलीमागे, छत्री पलंगाखाली, चांगल्या रकियाची, म्हणजे आमच्याकडच्या फळांच्या दारूची, बाटली कोंबड्यांच्या खाद्याच्या पिंपात. आणि मग कुठे लपवली ते विसरून घर डोक्यावर घ्यायचा. त्याची बायको देसांका स्वयंपाकघरातून मानही वर न करता सांगायची, "पिंपात बघ."

"तुला कसं कळलं?"

"कोंबड्या सकाळपासून फार खुशीत आहेत."

मग तो बाटली दुसरीकडे लपवायचा, आणि पुन्हा तेच. असं चांगलं चाललं होतं दोघांचं.

या सगळ्यात त्याच्या जिवाचा तुकडा म्हणजे त्याची गाडी. पिवळी, चौकोनी, जुनी 'स्तोयादिन'. त्या गाडीला सगळा देश याच नावानं हाक मारायचा, माणसाचंच नाव ते. लग्नानंतर लगेच घेतलेली. दर रविवारी लोक चर्चला जात आणि मिलिसाव बादली आणि फडकं घेऊन अंगणात जाई. गाडी चालवायची ती त्यानंच. देसांकाकडे लायसन्स होतं. तिनं ते पहिल्या खेपेला मिळवलं होतं आणि मिलिसावला तिसऱ्या खेपेला मिळालं होतं, त्यामुळे घरात तो विषय निघत नसे. "दोन हातांत फिरली की गाडीची सवय बिघडते," असं तो म्हणायचा. देसांका 'बरं' म्हणायची आणि बाजारात चालत जायची.

नव्वदच्या दशकात दिवस वाईट आले. जगानं देशावर व्यापारबंदी घातली होती, पेट्रोल रस्त्याकडेला सरबताच्या बाटल्यांतून विकलं जायचं, आणि अंगणातल्या गाड्या सकाळी अंगणात असतीलच याची खात्री नव्हती. तेव्हा गावातल्या यच्चयावत पुरुषांनी आपापल्या गाडीत एक चोरबटण बसवून घेतलं. बटण बंद असलं की किल्ली कितीही फिरवा, इंजिन नुसतं घरघरणार, पेट घेणार नाही. बटण कुठे आहे ते कुणी कुणाला सांगायचं नाही. सख्ख्या भावाला नाही आणि बायकोला तर मुळीच नाही. त्या वर्षांत आमच्या गावचा पुरुष गाडीत बसला की आधी उगाचच आभाळाकडे बघायचा, आणि तेवढ्यात त्याचा एक हात कुठेतरी काहीतरी करून यायचा.

मिलिसावचं बटण ॲशट्रेच्या मागे होतं. ॲशट्रे ओढून बाहेर काढायचा, आत बोट घालायचं, टक्. त्यानं जन्मात सिगरेट ओढली नव्हती. न ओढणाऱ्याच्या गाडीत ॲशट्रे कोण उघडणार? या विचारावर तो स्वतःच इतका खूश होता की कधी कधी जेवताना मध्येच हसायचा. देसांका विचारायची, काय झालं? तो म्हणायचा, काही नाही.

तरीही एका हिवाळ्यात टाकीतलं पेट्रोल कमी झालं. गाडी जागेवर, कुलूप जागेवर, आणि काटा खाली. मिलिसावनं फार विचार करून शेजारच्या तिहोमिरला चोर ठरवलं. तिहोमिरकडे रबरी नळी होती, एवढा पुरावा त्याला पुरला. वसंत येईपर्यंत दोघांचं बोलणं बंद. पुढे बोलणं सुरू झालं, पण मिलिसावच्या मनातली ती अढी काही गेली नाही.

दिवस पालटले, चोरांनाही नव्या गाड्या आवडू लागल्या. मिलिसावनं चोरबटण कायमचं चालू करून ठेवलं आणि हळूहळू ते त्याच्या डोक्यातून गेलं.

मिलिसाव आणि देसांकाला मूल झालं नाही. त्याबद्दल ते बोलत नसत. पण समोरच्या घरात मिलिसावची बहीण रादिंका राहायची, आणि तिचा मुलगा वुकान या दोघांच्या अंगाखांद्यावरच वाढला. त्याला सायकल मिलिसावनं शिकवली, पोहायलाही त्यानंच. आता तो पोरगा बेलग्रेडला कॉम्प्युटरवर काहीतरी करायचा. काय करायचा ते मिलिसावला कधी नीट कळलं नाही, पण विचारणाऱ्याला तो 'फार वरचं काम आहे' असं सांगायचा.

आणि वुकानचं लग्न ठरलं. मुलगी डोंगरापलीकडच्या गावची, यागोदा नावाची. आमच्याकडे लग्नात नवऱ्याच्या मामाचा मान मोठा. वरात त्याच्या शब्दावर निघते, त्याच्या शब्दावर थांबते, त्याची गाडी सगळ्यांच्या पुढे असते आणि वधूच्या दारात पहिला पाय त्याचा पडतो. मिलिसावनं या दिवसाची वाट त्या पोराच्या बारशापासून बघितली होती. स्वतःच्या पोराची वरात त्याच्या नशिबात नव्हती. पुढे बसायला मिळणार ती ही एकच, हे त्यालाही ठाऊक होतं आणि देसांकालाही.

रविवारी रादिंकाकडे जेवणं चालली होती. कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून केलेल्या सारम्याचं पातेलं मधोमध, आणि वुकान बराच वेळ काट्यानं ताटात उगाचच काहीतरी करत होता.

"मामा," तो शेवटी म्हणाला, "माझा एक मित्र आहे बेलग्रेडचा. त्याची मोठी काळी गाडी आहे. तो म्हणतोय वरातीला पुढे ती घेऊ. तू माझ्या शेजारी बस. एसी आहे."

मिलिसावनं काटा खाली ठेवला. "का? माझ्या गाडीला काय धाड भरलीय?"

"तसं नाही रे."

"मग कसं?"

वुकानला मामाचं मन मोडवेना आणि गाडीबद्दल खरं बोलवेना. त्यानं सापडेल ते कारण पुढे केलं. "तुझ्या गाडीत गाणं नाही मामा. पहिल्या गाडीत गाणं नाही म्हणजे ती वरात काय नि अंत्ययात्रा काय."

"गाणं लागलं तर?"

"लागलं तर तुझी गाडी पुढे. शब्द," वुकान हसून म्हणाला. मामा आपल्या गाडीचा एक स्क्रूही कुणाला फिरवू देणार नाही, याची त्याला पक्की खात्री होती.

देसांकानं नवऱ्याकडे पाहिलं आणि त्याच्या ताटात आणखी एक सारमा वाढला. तिला कळलं होतं, आता हा माणूस त्या गाडीत बँडबाजासुद्धा बसवेल.

गावात गाड्यांच्या वायरिंगचं काम चेदा करायचा. चेदा शुक्रवारी येतो म्हणाला, म्हणजे त्याच्या पुढच्या आठवड्यात मधल्या कुठल्यातरी दिवशी आला. येताना खोक्यातून नवा स्टिरिओ घेऊन आला, काळाभोर, निळ्या दिव्यांचा. मागे बसवायचे दोन स्पीकर त्याच्या काखेत होते. अंगणात आधी कॉफी झाली, मग रकिया झाली, मग पुन्हा कॉफी. तोवर तिहोमिर कुंपणावर रेलला होता. थोड्या वेळानं तो कुंपणाच्या अलीकडे आला, आणि थोड्या वेळानं गाडीच्या पुढच्या सीटवर बसला.

"खाच लहान आहे," चेदा वाकून म्हणाला. "कानशीनं घासावी लागेल."

"किती?" मिलिसावनं विचारलं.

"थोडीशी."

"थोडीशी म्हणजे किती ते आधी सांग."

"काका, तुमचा दात काढत नाहीये मी."

चेदा घासत होता आणि मिलिसाव शेजारी उभा राहून डोळे मिटून घेत होता. खाली पडलेला काळा भुसा त्यानं बोटांनी गोळा केला आणि खिशात टाकला. कशासाठी ते त्यालाच ठाऊक.

मग चेदा पाठीवर झोपून डॅशबोर्डखाली शिरला. बराच वेळ आतून नुसते उसासे ऐकू आले. नंतर त्याचा हात बाहेर आला आणि ॲशट्रेकडे गेला. "हा जरा काढतो. इथून वायर सरळ खाली जाईल."

"ॲशट्रेला हात लावायचा नाही," मिलिसाव म्हणाला.

"का?"

"नाही लावायचा."

"अहो काका, तुम्ही सिगरेट तरी ओढता का?"

"पाहुणे ओढतात."

"तुमच्या गाडीत पाहुणा बसलेला कधी कुणी बघितलाय?" तिहोमिर म्हणाला. त्याच्या तोंडात सिगरेट होती, आणि ती त्याला गाडीत पेटवू दिली नव्हती.

बटण चालू आहे की बंद, कामाचं आहे की नाही, हा प्रश्नच नव्हता. ते चोरबटण होतं, आणि चोरबटण चार माणसांसमोर दाखवायचं नसतं. चेदानं दोनदा विनवलं, एकदा शिवी दिली आणि शेवटी वायर हीटरच्या मागून, पेडलच्या वरून, सगळ्या गाडीला प्रदक्षिणा घालून आणली. दुपारचं काम संध्याकाळवर गेलं.

मिलिसावची आणखी एक अट होती. वधूच्या अंगणात गाडी उभी करून नाचायचं असतं, तेव्हा किल्ली काढल्यावरही गाणं वाजायला हवं. म्हणून चेदानं स्टिरिओ थेट बॅटरीला जोडला. बटण दाबलं, निळे दिवे लागले, आणि मागच्या स्पीकरमधून ट्रंपेट असे उसळले की कोंबड्या पिंपामागे गेल्या. तिहोमिरनं चेदाचा हात धरला, चेदानं मिलिसावचा, आणि तिघं म्हातारेकोतारे अंगणात फेर धरून नाचायला लागले. चेदा तसा चाळिशीचाच, पण हीटरमागे शिरून शिरून त्याचीही कंबर धरली होती.

देसांका खिडकीत आली. "काचा निखळतील रे."

"निखळू देत," मिलिसाव म्हणाला. इतका उदार तो स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता.

वुकानला बातमी फोनवर कळली. त्यानं पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाला, "दिला शब्द तर दिला. मामा पुढे."

लग्नाच्या आदल्या दिवशी, अजून ऊन असतानाच, मिलिसावनं गाडी नेऊन रादिंकाच्या फाटकासमोर पहिल्या जागेवर लावली. दुसऱ्या कुणी ती जागा घ्यायला नको. कुलूप लावलं, दोन पावलं मागे येऊन बघितलं, आणि तो तिथेच थबकला. काचेतून नव्या स्टिरिओचा एक बारीक निळा दिवा लुकलुकत होता. गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. आत काय ऐवज आहे ते आता सगळ्या गावाला माहीत. लग्नघर म्हणजे दहा गावचे पाहुणे. कुणाच्या मनात काय असेल, कुणी सांगावं?

आणि तेव्हा, कितीतरी वर्षांनी, त्याला ते आठवलं. तो पुन्हा गाडीत बसला. आधी आभाळाकडे बघितलं. ॲशट्रे ओढला, बोट आत घातलं. टक्. बटण अजून शाबूत होतं. ॲशट्रे जागेवर बसवून तो बाहेर आला तेव्हा त्याला दहा वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटत होतं. जेवताना तो मध्येच हसला.

"काय झालं?" देसांकानं विचारलं.

"काही नाही," मिलिसाव म्हणाला.

सकाळ झाली ती रकियानंच. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला फुलांनी सजवलेल्या लाकडी चंबूतून घोट द्यायचा आणि मामानं त्याच्याबरोबर एक घ्यायचा, ही रीत. नाही म्हणायची सोय नव्हती आणि इच्छाही नव्हती. बायकांनी गाड्यांच्या आरशांना नक्षीचे टॉवेल बांधले. मिलिसावच्या कोटाला फूल लावलं. पिवळ्या गाडीच्या खिडकीतून निशाण बाहेर काढून बांधलं. मागे पाहुण्यांच्या गाड्यांची रांग पार गल्लीच्या वळणापर्यंत गेली होती, आणि दुसऱ्याच नंबरावर ती काळी, लांबलचक गाडी होती. तीत वुकान टाय सारखा करत बसला होता. मुलीला दुपारच्या आत घरातून बाहेर काढायचं असतं. रस्ता डोंगराचा, आणि पोचल्यावर दारात उंच काठीला बांधलेलं सफरचंद गोळी मारून पाडल्याशिवाय तिकडची माणसं आत घेत नाहीत. तेव्हा वेळ थोडाच होता.

मिलिसाव गाडीत बसला. सगळ्या गल्लीकडे एकदा बघून घेतलं. बटण दाबलं आणि ट्रंपेट घुमले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यानं किल्ली फिरवली.

इंजिन घरघरलं. पेट मात्र घेईना.

त्यानं पुन्हा फिरवली. घर्र घर्र घर्र. वरून ट्रंपेट अगदी जिवाच्या आकांतानं वाजत होते. तिसऱ्यांदा फिरवेपर्यंत बॉनेट उघडलं गेलं होतं आणि त्यात गावातली निम्मी डोकी गेली होती. आमच्याकडे कुणाची गाडी अडली की डॉक्टरपासून पाद्र्यापर्यंत सगळे मेकॅनिक होतात. एकजण म्हणाला पेट्रोल पोचत नाही. दुसरा म्हणाला पेट्रोल फार पोचतंय. तिसऱ्यानं सांगितलं, थोडा वेळ तिच्याकडे लक्ष देऊ नका, आपोआप चालू होईल.

तिहोमिर पलीकडच्या खिडकीतून आत वाकला. "बॅटरी," तो म्हणाला. "तो गाण्याचा डबा रात्रभर बॅटरी प्यालाय."

मिलिसावला हे एकदम पटलं. पटायला सोपं होतं. "चेदा!" त्यानं हाक मारली. "काय करून ठेवलंस माझ्या गाडीचं? इतकी वर्षं एकदा अडली नाही कधी. तू हात लावलास आणि अडली."

चेदा पांढरा शर्ट घालून, केस विंचरून, लग्नाला आला होता. "काका, बॅटरी उतरली असती तर गाणं वाजलं असतं का?" तो म्हणाला. पण गल्लीभर लोक त्याच्याकडे बघायला लागले होते. रादिंकाची कुणी चुलत जाऊ मोठ्यानं म्हणाली, याच्याकडे आमचा ट्रॅक्टर मुळीच द्यायचा नाही. चेदाचा चेहरा उतरला. तो शर्टासकट रस्त्यावर आडवा झाला आणि गाडीखाली शिरला.

घड्याळ कुणासाठी थांबत नव्हतं. काळ्या गाडीचं दार उघडलं आणि वुकान उतरून मामापाशी आला. त्यानं खिडकीतून मामाच्या खांद्यावर हात ठेवला.

"मामा, चल. आमच्या गाडीत ये. आम्ही होतो पुढे. ही नंतर बघू."

तो फार मायेनं बोलला, आणि म्हणूनच मिलिसावला ते जास्त लागलं. त्याचा हात किल्लीवरून सुटेना. एवढी वर्षं वाट बघितली आणि शेवटी आपण काळ्या गाडीत पाहुण्यासारखे मागे बसून जाणार.

तेवढ्यात तिहोमिरनं खिडकीतून हात आत घातला. त्याच्या सिगरेटची राख लांब झाली होती आणि त्याला ॲशट्रे हवा होता.

"ॲशट्रेला हात..." मिलिसाव म्हणाला, आणि तिथेच थांबला.

त्याला आठवलं.

आता एक माणूस गाडीखाली रस्त्यावर लोळत होता, आणि तो काहीही न केल्याबद्दल. एक माणूस खिडकीत होता, चार बॉनेटमध्ये, दोन पोरं मागच्या काचेला नाक लावून. मिलिसावनं जर आता सांगितलं, तर त्याच्या अंत्ययात्रेतसुद्धा हे गाव हीच गोष्ट सांगून हसेल. आणि नाही सांगितलं, तर काळी गाडी पुढे जाईल. खरं सांगायला त्याची जीभ रेटेना. त्याला लाज वाटली.

"जरा सगळे बाजूला व्हा बघू," तो म्हणाला. म्हणजे कुणाच्या नकळत बोट घालता येईल. पण आमच्या गावात बाजूला व्हा म्हटलं की माणसं आणखी जवळ येतात. मागे काळ्या गाडीचं इंजिन सुरू झालं, आणि ती रांगेतून बाहेर यायला वळू लागली.

देसांका इतका वेळ फाटकात उभी होती. नवा निळा झगा, हातात पर्स. ती आली, तिहोमिरला कोपरानं बाजूला सारलं, पलीकडचं दार उघडून मिलिसावच्या शेजारी बसली. पर्स मांडीवर ठेवली. स्टिरिओचा आवाज कमी केला. मग ॲशट्रे ओढून बाहेर काढला, मिलिसावच्या हातात दिला, आणि आत बोट घातलं.

टक्.

"लाव आता," ती म्हणाली.

मिलिसावनं किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. गल्लीत एकच आरडाओरडा झाला. बॉनेट आपटलं गेलं. गाडीखालून चेदाचा आवाज आला, "मी काय केलं?"

मिलिसाव हातात ॲशट्रे धरून बसला होता. आता गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. बाईमाणसानं काहीतरी हलवलं आणि गाडी सुरू झाली, एवढंच लोकांनी पाहिलं होतं. पण चेदा गाडीखालून निघाला तेव्हा त्याच्या पांढऱ्या शर्टावर ग्रीसचा हा एवढा डाग होता, आणि तो दोन्ही हातांनी तो झाकायला बघत होता. मिलिसावला ते बघवेना.

"तू काही केलं नाहीस," तो मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुझं काम चोख आहे. माझं चोरबटण आहे इथे. काल मीच बंद केलं होतं."

मग सगळी गल्ली हसायला लागली. तिहोमिर तर गाडीच्या टपावर थापा मारत होता. "ॲशट्रेमागे? अरे, ही काय लपवायची जागा झाली? माझं बघ, माझं जन्मात कुणाला..."

"सीटखाली, उजवीकडे, चटईच्या आत," त्याची बायको मागून म्हणाली.

तिहोमिरनं सिगरेट विझवली आणि तो आपल्या गाडीकडे गेला. गल्लीतले आणखी बरेच पुरुष एकाएकी गप्प झाले आणि आपापल्या बायकांकडे बघू लागले. बायका आभाळाकडे बघत होत्या.

गाडीत दोघंच उरली. इंजिन धडधडत होतं.

"तुला कधीपासून माहीत आहे?" मिलिसावनं हळू विचारलं.

"वुकान दीड वर्षाचा होता तेव्हापासून."

"म्हणजे?"

"तू सोसायटीच्या ट्रकमधून माल आणायला गेला होतास. बर्फ पडलं होतं. पोराला श्वास घेता येईना, ओठ निळे पडलेले. रादिंका त्याला घेऊन आपल्या दारात आली. मी किल्ली घेतली, गाडी सुरू होईना." देसांकानं पर्सची कडी उघडली आणि पुन्हा लावली. "मग मी म्हटलं, हा माणूस कुठे लपवेल? सिगरेट ओढत नाही, आणि ॲशट्रेची कड झिजलेली. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. पोराला बरं वाटल्यावर गाडी आणून जागेवर लावली. बटण बंद केलं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. पण तू त्या बटणावर इतका खूश होतास. आणि मग तू पेट्रोलवरून तिहोमिरला चोर म्हणायला लागलास. तेव्हा तर सांगायची सोयच राहिली नाही."

मिलिसावनं आरशात पाहिलं. नक्षीच्या टॉवेलाच्या वरून वुकान दिसत होता. काळ्या गाडीवाल्या मित्राला तो हातानं खुणा करत होता, मागे घे, मागे घे, मामा पुढे. धट्टाकट्टा, उंच, नवरदेव झालेला. मिलिसाव त्याच्याकडे बघत राहिला. सगळ्या आयुष्यात त्या गाडीनं केलेलं एकच खरं काम त्याला माहीत नव्हतं, आणि ते त्यानं केलंही नव्हतं. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसलेही नाहीत.

मग त्यानं दार उघडलं आणि खाली उतरला. सगळ्या गल्लीच्या देखत गाडीच्या पुढून वळसा घातला, पलीकडे आला आणि देसांकाच्या बाजूचं दार उघडून उभा राहिला.

"सरक तिकडे," तो म्हणाला. "माझ्या पोटात सकाळपासून बरीच रकिया गेलीय. आणि मामानं मानानं बसायचं असतं, गाडी हाकायची नसते."

देसांकानं त्याच्याकडे बघितलं. झगा सावरून ती पलीकडे सरकली, आरसा आपल्या उंचीला लावला आणि सीट पुढे ओढली. मिलिसाव तिच्या जागी बसला. त्यानं ॲशट्रे खाचेत बसवला, आणि स्टिरिओचा आवाज जाईल तेवढा वर नेला. मागे गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मिलिसावनं खिडकीतून हात बाहेर काढून खूण केली. निघा.

गाडी हलली. वळणापर्यंत तो कसाबसा गप्प बसला.

"दुसरा गिअर जरा हट्टी आहे," मग तो ट्रंपेटच्या वर आवाज काढून म्हणाला. "थोडा दाबून धरावा लागतो."

"माहीत आहे," देसांका म्हणाली.